सहा वाजताची भाकणूक

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या घरात मला कोणी काम सांगत नाही. सांगून उपयोग नसतो हे आता सगळ्यांना कळलंय. (थंडीत सातला. तिकडे अमेरिकेत घड्याळं मागे घेतात.) त्या वेळी वॉशिंग्टनला सकाळचे साडेआठ वाजलेले असतात आणि गेल्या महिन्यात देशात किती नोकऱ्या वाढल्या, किती टक्के लोक बेकार आहेत, याचे आकडे तिथलं सरकारी खातं जाहीर करतं. मी सोलापुरात जन्मलो, सोलापुरात नोकरी केली, पेन्शनही इथल्याच शाखेत जमा होते. आणि अमेरिकेत किती जण कामाला लागले हे बघायला मोबाईल हातात धरून बसतो. ही म्हणते, "आपल्या गल्लीत किती पोरं बिनकामाची आहेत ते विचारा की. मला तोंडपाठ आहे."

कारण एवढंच, की माझ्याकडे इन्फोसिसचे थोडे शेअर आहेत. थोडेच. पण माणूस गुंतायला थोडे पुरतात.

खरं म्हणजे सोलापूरकराला यात नवल वाटू नये. गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीच्या रात्री होम मैदानावर होमाचा विधी झाला की भाकणूक होते. देशमुखांचं वासरू आणतात. ते दिवसभर उपाशी ठेवलेलं असतं. त्याच्यापुढे धान्य, गूळ, खोबरं, खारीक, सुपारी असं काय काय मांडतात. ते कशाला तोंड लावतं, मूत्र टाकतं का, बिथरतं का, यावरून मानकरी वर्षाचा अंदाज सांगतात. पाऊस किती, कशाचे भाव वाढतील, काही संकट आहे का. आप्पांच्या खांद्यावर बसून मी ती गर्दी पाहिलेली आहे. वासरू मला कधी दिसलं नाही, दिसल्या त्या टोप्या आणि पागोटी. पण दुसऱ्या दिवशी गिरणीतून आलेले आप्पा आईला सांगायचे, "यंदा बिथरलं म्हणे." आई लगेच डब्यातल्या डाळीचा अंदाज घ्यायची.

माझी भाकणूक महिन्याला एक. खरं तर जास्तच. पहिल्या शुक्रवारी नोकऱ्यांची, महिन्याच्या मध्यावर महागाईची, आणि वर्षातून आठ वेळा त्यांच्या मध्यवर्ती बँकेच्या व्याजदराची. ती शेवटची आपल्याकडे रात्री साडेअकराला लागते, थंडीत साडेबाराला. तेवढी मात्र मी झोपेसाठी सोडून दिली आहे.

हे खूळ कसं लागलं ते सांगतो. २००१ च्या सप्टेंबरनंतर बाजार आडवा झाला होता तेव्हा मी इन्फोसिसचे वीस शेअर घेतले. बँकेतल्या माणसाला तेव्हा शेअर म्हणजे जरा चोरटंच वाटायचं, म्हणून घरात सांगितलं नाही. १० एप्रिल २००३, गुरुवार. कंपनीचे वार्षिक निकाल आले. निकाल वाईट नव्हते हो! पण पुढच्या वर्षी किती वाढ होईल याचा जो अंदाज त्यांनी दिला, तो लोकांनी मनात धरलेल्यापेक्षा कमी होता. अमेरिकेतले ग्राहक दर घासाघीस करून मागत होते. एका दिवसात शेअर जवळजवळ २७ टक्के पडला. जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यानं बातमी दिली तेव्हा डबा तसाच राहिला. नव्या पेठेत ब्रोकरला फोन लावला आणि म्हणालो, "सगळे काढा." तिकडचा पोरगा समजूतदार होता. म्हणाला, "साहेब, पाच तरी राहू द्या, आठवण म्हणून." पंधरा विकले, दिवसाच्या तळाशी कुठेतरी.

पुढच्याच वर्षी कंपनीनं एका शेअरला तीन बोनस दिले. मग २००६, २०१४, २०१५, २०१८ अशा चार वेळा एकाला एक. आठवण म्हणून ठेवलेल्या पाचाचे वीस झाले, विसाचे चाळीस, ऐंशी, एकशेसाठ, तीनशेवीस. मी विकलेल्या पंधराचे किती झाले असते ते तुम्ही करा. माझ्या वहीत लिहिलेलं आहे, पण मी ते पान उघडत नाही. (बरं, नऊशे साठ.)

तेव्हापासून मी ठरवलं, की आपण घाबरलो ते कळत नव्हतं म्हणून, आता शिकायचं. आणि शिकलो खरं. पण शिकल्यावर जे कळलं ते फार धीराचं नव्हतं.

पहिली गोष्ट, आकडा मोठा की लहान याला किंमतच नाही. किंमत आहे ती लोकांनी काय धरलं होतं त्याला. पोरगं सत्तर टक्के घेऊन आलं तर पेढे वाटायचे की मुकाट्यानं चहा ढोसायचा, हे घरच्यांनी किती धरले होते त्यावर असतं, तसं. १३ सप्टेंबर २०२२ च्या मंगळवारी अमेरिकेचा महागाईचा दर ८.३ टक्के आला. धरला होता ८.१ च्या आसपास. फरक शून्य पूर्णांक दोन! तेवढ्यावर तिथला नॅसडॅक निर्देशांक एका दिवसात ५ टक्क्यांहून जास्त पडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याकडे इन्फोसिसही चार टक्क्यांहून अधिक घसरला. दोन महिन्यांनी, १० नोव्हेंबरला, उलटं. अपेक्षा आठच्या जवळपास, आला ७.७. नॅसडॅक ७ टक्क्यांनी वर! अमेरिकेत दूध-अंडी घेणाऱ्या बाईला या दशांशांनी काय फरक पडला असेल ते देव जाणे. माझी मात्र एक रात्र काळजीत गेली आणि एक आनंदात.

दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक. एकच बातमी आपल्या शेअरला तीन बाजूंनी ओढते. समजा तिथे नोकऱ्या कमी वाढल्या. म्हणजे अर्थव्यवस्था थंडावली, म्हणजे व्याजदर उतरतील, म्हणजे शेअर वर. टेक्नॉलॉजीवाल्यांना व्याजदर जास्त लागतो, कारण त्यांची किंमत पुढच्या कैक वर्षांच्या नफ्यावर धरलेली असते, आणि दूरच्या पैशाची आजची किंमत व्याज वाढलं की झपाट्यानं घटते. (बँकेत बत्तीस वर्षं व्याज मोजल्यामुळे हे मला चटकन कळलं. बाकीचं नाही.) पण अर्थव्यवस्था थंडावली म्हणजे तिथल्या बँका, विमा कंपन्या, दुकानं संगणकावरचा खर्च आखडणार, आणि इन्फोसिसचं साधारण साठ टक्के उत्पन्न उत्तर अमेरिकेतून येतं. म्हणजे शेअर खाली. तिसरं म्हणजे डॉलर. तो वधारला तर रुपयांत उत्पन्न फुगतं, उतरला तर आटतं. तीन बैल तीन दिशांना, आणि गाडी कुणीकडे जाईल ते गाडी निघाल्यावरच सांगायचं. टीव्हीवरचे तज्ज्ञ तेच करतात. फक्त कोट घालून.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे तो आकडा पक्का नसतोच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्या खात्यानं जाहीर केलं, की मार्चपर्यंतच्या वर्षातल्या नोकऱ्या आपण सुमारे ८ लाख १८ हजारांनी जास्त मोजल्यात. पुढे ही दुरुस्तीही दुरुस्त झाली. म्हणजे वर्षभर मी ज्या आकड्यांवर झोप घालवली ते तसे नव्हतेच. आमचं वासरू बरं. ते पुढच्या महिन्यात येऊन सांगत नाही, की मी गुळाला नाही, खोबऱ्याला तोंड लावलं होतं. १ ऑगस्ट २०२५ ला आधीच्या दोन महिन्यांतले मिळून २ लाख ५८ हजार वजा केले, तेव्हा अध्यक्षांनी त्या खात्याच्या प्रमुख बाईंनाच त्याच दिवशी काढून टाकलं. भाकणूक वाईट निघाली म्हणून वासराला हाकलल्याचं आमच्याकडे ऐकिवात नाही.

शिवाय वेळेची गंमत. आपला बाजार साडेतीनला बंद होतो. शुक्रवारी सहाला आकडा येतो. न्यूयॉर्कला इन्फोसिसच्या पावत्यांची खरेदी-विक्री चालते, तिथे शुक्रवारी रात्रीच कळतं की सोमवारी आपलं काय होणार. पण करता काही येत नाही. शनिवार-रविवार नुसतं माहीत असून बसायचं. १९ सप्टेंबर २०२५ ला तर शुक्रवारीच एच-वन-बी व्हिसाला एक लाख डॉलर फी लावल्याची बातमी आली. ते दोन दिवस आमच्याकडे वैश्वदेवाची पानं वाढून ठेवल्यासारखी शांतता होती.

अमेरिकेत शिंक आली की इकडे पडसं, हे काही आयटीनं आणलेलं नाही. १८६१ ला तिथे यादवी युद्ध लागलं, लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस बंद झाला, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत इतका पैसा आला, की समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरवर लोक तुटून पडले. प्रेमचंद रायचंद त्या खेळाचे राजे. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, १ जुलैला वायदे पुरे करायची तारीख आली आणि मुंबई झोपली. तेव्हाही कुणी मुनीम माझ्यासारखाच अमेरिकेच्या बातमीसाठी कान टवकारून बसला असेल. बोट यायची वाट बघत, एवढाच फरक.

असो. हे सगळं मला आकड्यांचं शास्त्र वाटत होतं, २०२३ च्या दिवाळीपर्यंत.

३ नोव्हेंबर २०२३, शुक्रवार. दिवाळी आठवड्यावर आलेली, घरात भाजणीचा खमंग वास. सहाला आकडा आला: दीड लाख नोकऱ्या. धरल्या होत्या त्यापेक्षा बऱ्याच कमी. माझ्या डोक्यात हिशेब झाला, की आता व्याजदर वाढायचे थांबले! मी खुशीत चिरंजीवांना फोन लावला. ते पुण्याला हिंजवडीत, एका दुसऱ्या कंपनीत. आमच्यात बोलायला विषय फार उरलेले नाहीत, तसे ते सगळ्याच घरांत उरत नाहीत. हा एक होता. मी म्हणालो, "बघितलंस का? आकडा मस्त वाईट आलाय!" पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग, "हो का. बरं, बाबा. आईला सांगा मी बुधवारी निघतो."

मला वाटलं, मीटिंगमध्ये असेल.

पाडव्याच्या रात्री गच्चीवर आम्ही दोघंच होतो. खाली पोरं भुईचक्रं लावत होती. तो म्हणाला, "बाबा, मी ऑगस्टपासून बेंचवर आहे." त्यांचं काम अमेरिकेतल्या एका बँकेचं होतं. त्या बँकेनं खर्च कमी केला, प्रोजेक्ट संपलं. पगार चालू होता, पण रोज सकाळी लॅपटॉप उघडून आज कुणी बोलावतंय का ते बघायचं. किती दिवस ठेवतील ते ठाऊक नाही. फ्लॅटचा हप्ता, लेकीची शाळा. "तुम्ही तो आकडा सांगितलात ना," तो म्हणाला, "मीही बघितला होता. तुमच्या आधी."

म्हणजे एकाच वेळी सोलापुरात मी आणि पुण्यात तो, दोघं तोच आकडा बघत होतो. मी त्यात व्याजदर वाचला. त्यानं वाचलं, की तिकडे माणसं घेणं थांबलंय. आणि मी फोन करून म्हणालो, मस्त.

मला काय बोलावं सुचेना. मी त्याला विचारलं, "चहा घेणार का?" रात्री साडेदहाला.

हिला सकाळी सांगितलं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण ती कढईखालचा गॅस बारीक करून म्हणाली, "पोराची नोकरी अमेरिकेवर. त्याच्या घराचा हप्ता त्या नोकरीवर. आणि तुम्ही आपली साठवणही तिथेच नेऊन ठेवली?"

वीस वर्षं मी वहीत बोनस मांडत होतो. हे वाक्य मला कोणत्याही पानावर सापडलं नव्हतं. आणि खरं म्हणजे ते सोलापूरच्या माणसाला सांगावं लागू नये. आप्पांची गिरणी बंद पडली तेव्हा एकट्या आप्पांचा पगार बंद झाला नाही. समोरच्या खानावळीची ताटं कमी झाली, किराणावाल्यानं उधारीची वही मिटली, शिंप्याचं मशीन झाकलं गेलं. आमच्या चुलत्यांनी त्याच गिरणीतल्या लोकांना भाड्यानं द्यायला दोन खोल्या बांधल्या होत्या, त्या वर्षभर रिकाम्या. सगळी गल्ली एकाच भोंग्यावर उठायची, तो थांबल्यावर सगळीच बसली. हे डोळ्यांनी बघितलेला मी. तरी घरातला मुलगा आणि घरातली पुंजी दोन्ही एकाच भोंग्याला बांधून वर अभ्यास करत होतो, की भोंगा आज किती जोरात वाजला!

(आमच्या टॉवेलवाल्या शेजाऱ्यांना हे सांगितलं तर ते हसले. २०२५ च्या ऑगस्टअखेरीला अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं तेव्हा मात्र त्यांचं हसू गेलं. मीही मग काही बोललो नाही.)

चिरंजीवांना फेब्रुवारीत दुसरं प्रोजेक्ट मिळालं. या वेळी युरोपातलं. त्या चार महिन्यांत आम्ही दोघांनी फोनवर एकदाही कुठल्या आकड्याचं नाव काढलं नाही. तो लेकीच्या खोकल्याबद्दल बोलायचा, मी सिद्धेश्वर तळ्यावरच्या फिरण्याबद्दल.

२०२४ मध्ये मी तीनशेवीसपैकी दोनशे शेअर विकले. भाव बरा होता, पण पुढे आणखी बरा झाला. म्हणजे माझी परंपरा मी सोडलेली नाही. पैसे त्याच्या कर्जात भरतो म्हणालो तर तो ऐकेना. "बाबा, तुमचे आहेत, तुमच्या दुखण्याखुपण्याला ठेवा." तिथे आमचं थोडं वाजलं. शेवटी हिनं अर्धे पोस्टात आणि अर्धे नातीच्या नावानं बँकेत अशी वाटणी केली आणि दोघांनाही गप्प केलं. व्याज कमी मिळतं हे मी तिला दाखवून दिलं. ती म्हणाली, "मिळू द्या कमी. ते सहा वाजता हलत नाही ना?"

एकशेवीस अजून आहेत. ते का ठेवले म्हणाल तर सांगता येणार नाही. त्या ब्रोकरच्या पोरानं म्हटलं होतं तेच, आठवण म्हणून. आणि शुक्रवारी सहाला मोबाईल अजूनही हातात येतो, हात ऐकत नाही.

३ ऑक्टोबर २०२५ चा शुक्रवार दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आला. सहा वाजले. आकडा नाही. पाच मिनिटं थांबलो, पुन्हा बघितलं, तरी नाही. मग लक्षात आलं, की खर्चाच्या मंजुरीवरून भांडण होऊन तिथलं सरकारच दोन दिवसांपूर्वी बंद पडलंय. आकडे मोजणारे घरी बसलेत. मी तसाच पायरीवर बसून राहिलो. समोरच्या दारावर कालची झेंडूची माळ, खाली पडलेली आपट्याची पानं.

आतून हिचा आवाज आला. "आज काय आलं हो तुमचं?"

"काही नाही आलं. बंद आहे."

"मग गिरणीतून दळण तेवढं घेऊन या. ती चालू आहे."